व्याह्यांची गाडी डावीकडे ओढते

मापसाहेबांना आयुष्यात कुणी फसवलं नव्हतं. आणि या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता, की एखाद्याने फसवायचा प्रयत्नच केला नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्यात त्यांचा तरी काय दोष म्हणा! सगळी नोकरी गेली वजनमापं खात्यात. दुकानोदुकानी फिरायचं आणि तराजू तपासायचे. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोखरलेलं वजन, बोलता बोलता पारड्यावर टेकणारा अंगठा, हे सगळं त्यांनी इतकं पाहिलं होतं, की समोर माणूस आला की आधी त्याच्या अंगठ्याकडे नजर जायची. निवृत्त होऊनही सवय सुटली नव्हती. खिशात रुमालाच्या घडीत एक छोटं पितळी वजन असायचंच. बाजारात गेले की आधी 'काटा शून्यावर आण' आणि मग भाव. भाजीवाल्या त्यांना लांबूनच बघून म्हणायच्या, "आले गं बाई! आता भाजी कमी आणि भाषण जास्त."

अशा माणसाच्या नशिबी व्याही आले ते नेमके खिळे-मोळे विकणारे. घराच्या पुढच्या भागात दुकान. खिळे, बोल्ट, बिजागऱ्या, सगळं वजनावर. लेकीच्या, बबडीच्या, लग्नाची बोलणी करायला गेले तेव्हा मापसाहेब हात धुवायच्या निमित्ताने उठले आणि थेट दुकानात शिरले. खिशातलं वजन काट्यावर ठेवून पाहिलं. काटा बरोबर! केसाचाही फरक नाही. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. मापसाहेब मात्र कपाळाला आठ्या घालूनच परतले. इतका बरोबर काटा? कुठेतरी पाणी मुरतंय. मुलगा चांगला होता, बबडीला पसंत होता, म्हणून मुलगी दिली. पण शंका काही दिली नाही. ती स्वतःजवळच ठेवून घेतली.

त्याच बैठकीत त्यांनी फाटकाची गोष्टही सांगितली होती. ती गोष्ट ते सगळीकडे सांगत. बबडी गाडी शिकली, परवाना हातात आला, आणि पहिल्याच दिवशी घराच्या फाटकाला डावं दार घासत तिने गाडी आत घेतली. "आमची मुलगी घर चालवेल, दुकान चालवेल, तुम्हा सगळ्यांनाही चालवेल," मापसाहेब म्हणाले होते, "फक्त हिच्या हातात गाडी देऊ नका बुवा, नाहीतर घराला फाटक उरायचं नाही!" सगळे पोट धरधरून हसले. बबडी बशीतल्या बिस्किटाकडे बघत बसली. हसले नाहीत ते एकटे व्याही. तेही मापसाहेबांनी टिपून ठेवलं. ज्याला विनोद कळत नाही, त्याच्या मनात काय चाललंय ते सांगता येत नाही.

असो. तर गाडीचं झालं ते असं. जावयाने नवी गाडी घेतली आणि व्याह्यांची जुनी विकायला निघाली. मापसाहेबांची स्वतःची गाडी शेवटच्या घटका मोजत होती. त्यांनी फोन केला, "घरातली गाडी बाहेर कशाला? आम्हीच घेतो."

व्याही चाचरले. "नका हो साहेब. जुनी आहे. तुम्हाला दुसरी चांगली बघून देतो की."

झालं! जो विकणारा 'घेऊ नका' म्हणतो तो एक तर साधू असतो, नाहीतर पक्का बेरकी. आणि खिळे विकून साधू झालेला मनुष्य मापसाहेबांनी पाहिला नव्हता. बाहेरच्याकडून जास्त मिळत असणार, दुसरं काय! आता तर घेणारच, म्हणून ते हट्टाला पेटले. व्याही दोन-तीनदा नको म्हणाले आणि शेवटी किल्ली देऊन मोकळे झाले.

पहिल्याच दिवशी मापसाहेब आत बसले तर गुडघे स्टेअरिंगला टेकले. सीट पार पुढे. मागे सरकवायला गेले तर खटका हलेना. मग व्याह्यांनीच वाकून दाखवलं. तो खटका हट्टी होता. आधी सीटवरून अंग थोडं उचलायचं, मग खटका ओढायचा आणि टाचेने मागे रेटायचं. मापसाहेबांना ते जमायला बराच वेळ लागला. पण घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात भलताच किडा वळवळत होता. व्याही ताडमाड माणूस. दारातून आत येताना वाकून येणारा. एवढी पुढे सीट घेऊन हा बसत होता कसा? नक्कीच सीटखाली पत्रा कुजलाय आणि तो झाकायला सीट पुढे सरकवलीय! घरी येताच त्यांनी मॅट उचलून, बॅटरी मारून, पालथं पडून बघितलं. पत्रा ठणठणीत होता. काही सापडलं नाही, पण काही न सापडणं हाही मापसाहेबांच्या लेखी पुरावाच होता.

खरी गोम दुसऱ्या दिवशी कळली. गाडी डावीकडे ओढत होती.

"हवा कमी असेल," बायको म्हणाली.

हवा तपासली. चारही चाकांत सारखी. मग मापसाहेबांनी रीतसर तपासणीच मांडली. गावाबाहेरच्या सपाट, रिकाम्या रस्त्यावर गाडी नेली, हळू चालवत स्टेअरिंगवरून हात काढला. गाडी सरळ डाव्या हाताच्या गवताकडे निघाली. रस्त्यालाच डावीकडे उतार असेल, म्हणून उलट दिशेने चालवून पाहिली. पुन्हा डावीकडेच. सरळ जायचं तर स्टेअरिंग सतत थोडं उजवीकडे धरावं लागे. भिंतीवरचा फोटो कलून टांगावा तसं ते स्टेअरिंग दिसे, आणि ते बघून मापसाहेबांच्या जिवाची तडफड होई. ज्याने जन्मभर काटे शून्यावर आणले, त्याने असा कललेला काटा डोळ्यासमोर धरून बाजारात जायचं? मग खाली वाकून चाकं पाहिली. पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजून गुळगुळीत झाली होती, आणि बाहेरची मात्र नव्यासारखी.

"ठोकलीय," मापसाहेब गुडघे झाडत उठले. "ठोकलीय, वरून रंग मारलाय, आणि माझ्या गळ्यात बांधलीय. व्याह्यानं!"

"दुरुस्त करून घ्या ना मग," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "कशाला चिघळवता?"

"मी चिघळवतो?"

"जुन्या गाडीला असतं काहीतरी. जाऊ द्या म्हणते."

बायकोचं हे 'जाऊ द्या' जरा जास्तच चटकन आलं. पण बायको पहिल्यापासूनच मऊ मनाची, म्हणून मापसाहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी फोन उचलला आणि लेकीला लावला. आडून आडून विचारायचं, ही खात्यातली जुनी युक्ती.

"काय बबडी, बरी आहेस ना? बरं, मला एक सांग, तुमच्याकडे ती गाडी कोण चालवायचं गं?"

"कोण म्हणजे? नाना. कधी हे." नाना म्हणजे सासरे.

"कधी आपटली-बिपटली होती का?"

"बाबा, दूध उतू जातंय, ठेवते हं!"

दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. पुन्हा दूध उतू गेलं. त्या घरात दिवसभर दूधच तापत असतं की काय, देव जाणे! मापसाहेब फोन हातात धरून बसून राहिले. राग बाजूला पडला. बबडी त्यांच्याशी कधी खोटं बोलत नसे. आता बोलत होती, म्हणजे कुणीतरी तिला दमात ठेवलं होतं. खोटी गाडी गळ्यात मारली, ते एक वेळ सोडा. गाडी विकता येते. पण जो माणूस हसतमुखाने ठोकलेली गाडी सोयऱ्याला देतो, त्याच्या घरात आपली पोर नांदते आहे. तिथे आणखी काय काय झाकलेलं असेल? आपण काटा पाहिला, घर पाहिलं, आणि तरी पोर खोट्या घरात दिली की काय? त्यांना जेवण जाईना.

शेवटी गाडी घेऊन ते अलाइनमेंटवालीकडे गेले. बाजाराच्या मागे तिची शेड होती. ठेंगणीठुसकी, पन्नाशीची, बाह्या दुमडलेली बाई. हात कोपरापर्यंत काळे आणि बोलणं कात्रीसारखं. तिने गाडी रॅम्पवर चढवली, चारही चाकांना पट्ट्या लावल्या आणि पडद्यासमोर उभी राहिली. पडद्यावर तीन चाकांचे आकडे हिरवे आले आणि डाव्या पुढच्या चाकाचा लालभडक.

"या यंत्राचा शून्य कोण तपासतं?" मापसाहेबांनी विचारलं.

बाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी."

"आणि तुमच्यावर कोण लक्ष ठेवतं?"

"गिऱ्हाईक. टायर परत झिजला तर शिव्या घालायला इथंच येतं ना." तिने बॅटरी घेतली आणि गाडीखाली गेली. "या इकडे. वाका जरा."

मापसाहेब वाकले. चाकाला गाडीशी जोडणारा एक जाडजूड लोखंडी हात तिने दाखवला. याला ती आर्म म्हणत होती. उजवीकडचा सरळ होता. डावीकडचा मधेच बाक आल्यासारखा वाकला होता.

"अलाइनमेंट म्हणजे काय, चाकांची तोंडं एका दिशेला करायची," बाई म्हणाली. "गाडी एका बाजूला ओढायला लागली, स्टेअरिंग कललं, टायर एकाच कडेनं झिजला, मोठ्या खड्ड्यात आपटली, की करून घ्यावं. लोक ढिम्म बसतात, टायरातून तारा दिसायला लागल्या की पळत येतात. पण तुमचं नुसत्या अलाइनमेंटनं भागणार नाही. हा वाकडा असेपर्यंत मी कितीही पिळलं तरी आकडा हिरवा व्हायचा नाही. आधी आर्म बदला."

"वाकला कशानं?"

"डावं चाक बसलंय कशावर तरी. फुटपाथाची कड असेल. चांगलं जोरात."

"कधी?"

"ते मी काय सांगू? पण ताजं नाही. वाकलाय तिथला रंग उडालाय आणि गंज चढलाय. मुरलाय चांगला."

"म्हणजे मी घेण्याआधीचं."

"तुम्ही परवा घेतली असेल तर आधीचंच."

मापसाहेबांचे डोळे चमकले. आर्म बदलून झाल्यावर त्यांनी जुना मागून घेतला. "भंगारात नका टाकू. वर्तमानपत्रात बांधून द्या. नीट बांधा, पुरावा आहे." बाईने मान हलवली आणि दोरी गुंडाळली. असली गिऱ्हाइकं तिला नवीन नसावीत.

मग गाडी रस्त्यावर आणून बघायची वेळ आली. मापसाहेब चालवायला, बाई शेजारी. शेडबाहेर पडून थोडं अंतर गेले, तोच मापसाहेब ओरडले, "अहो बाई! ही आता उजवीकडे ओढतेय! काय करून ठेवलंत?"

"हात सोडा," बाई म्हणाली.

"काय?"

"रस्ता रिकामा आहे. सोडा हात."

मापसाहेबांनी हात सोडले. गाडी सुतासारखी सरळ गेली. स्टेअरिंगही शून्यावर, ना इकडे ना तिकडे. पुन्हा हात ठेवले, पुन्हा उजवीकडे.

"गाडी नाही ओढत. तुम्ही ओढताय," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "घेतल्यापासून उजवीकडे धरून चालवलीत ना? हातांना सवय लागलीय. त्यांना अजून वाटतंय गाडी वाकडीच आहे. जाईल थोड्या दिवसांत. तुम्ही फार दिवस चालवलेली नाही, नाहीतर आणखी वेळ लागला असता."

मापसाहेबांना ते पटलं. पण त्यांचं लक्ष मागच्या सीटवर ठेवलेल्या पुडक्याकडे होतं.

रविवारी बबडीला चार दिवस माहेरी आणायचं ठरलेलंच होतं. मापसाहेब आणि बायको गाडी घेऊन निघाले. वाटेत बायकोने तीन-चारदा बजावलं, "तिथे काही काढू नका हं." मापसाहेब हं म्हणाले. ते पुडकं त्यांनी सीटमागे ठेवलं होतं.

व्याह्यांच्या बैठकीत चहा आला. व्याही, विहीणबाई, जावई, सगळे बसले होते. बबडी बॅग भरून तयार होती. दोन-चार इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्या आणि मापसाहेबांनी कप खाली ठेवला. पुडक्याची दोरी सोडली आणि तो काळा, वाकडा लोखंडी आर्म चहाच्या टेबलावर, बिस्किटांच्या शेजारी, ठक्कन ठेवला.

"ओळखलंत का व्याहीबुवा?"

बायकोने कपाळाला हात लावला. जावई चहा पिता पिता थांबला.

"तुमच्या गाडीच्या पोटातून निघालाय," मापसाहेब म्हणाले. "कशावर तरी दणकून बसलीय गाडी. रंग उडालाय, गंज चढलाय, बघून घ्या. मी विचारतो, कुणी ठोकली?"

बबडी दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ते बघून मापसाहेबांचा उरलासुरला धीरही सुटला. बघा, पोर कशी भेदरलीय या घरात!

"बाबा..." बबडी म्हणाली.

"पोरी, तू आत जा. थोडा चहा टाक," व्याही पटकन म्हणाले. मग त्यांनी तो आर्म उचलला, हातात फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. "लागली होती साहेब. फुटपाथाला. माझ्याच हातून. बाहेरून नीट करून घेतली होती, आत इतकं वाकलंय हे माहीत नव्हतं. तरी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"चुकलं?" मापसाहेबांचा आवाज चढला. "सोयऱ्याला फसवलंत आणि चुकलं म्हणताय? माझी पोर रोज फोनवर गप्प बसते, तिला बोलायची चोरी! अहो, दुकानदारी दुकानात करावी, ती घरात आणू नये. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तो तुमचा काटा फारच बरोबर होता!"

"अहो, पण यांनी कुठे..." विहीणबाई ताडकन उठल्या.

"तू गप्प बस," व्याही म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण विहीणबाई बसल्या. जावई मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. व्याह्यांनी हात जोडले. "दुरुस्तीचं सगळं मी बघतो. तुम्ही राग धरू नका. आणि पोरीला नेताय ते हसतखेळत न्या."

हात जोडलेला, खाली बघणारा एवढा उंच माणूस समोर बसलेला. मापसाहेबांनी जन्मभर असे दुकानदार पाहिले होते. पकडला गेला की हात जोडतोच. त्यांचा जीव थंड व्हायला हवा होता, पण का कोण जाणे, झाला नाही. चहाचा दुसरा कप कुणीच घेतला नाही. व्याह्यांनी स्वतः बबडीची बॅग उचलून गाडीत ठेवली. लोखंड टेबलावरच राहिलं.

परतीच्या वाटेवर मापसाहेब एकटेच बोलत होते. बायको मागे, बबडी तिच्याशेजारी. "बघितलंस? कबूल करावंच लागलं! पुरावा ठेवला समोर की भलेभले..." आणि एवढ्यात ते कळवळून ओरडले. डाव्या पोटरीत गोळा आला होता. रागाने सकाळपासून पाय आवळून धरलेला, त्याचा हा हिशेब! कशीबशी गाडी कडेला घेतली. पाय चोळला, झटकला, उतरून थोडे चालले, पण क्लचवर पाय ठेवला की पुन्हा गोळा. गाव लांब. आजूबाजूला उन्हाने तापलेला रस्ता आणि चिटपाखरू नाही.

"बबडी चालवेल," बायको म्हणाली.

"ही?" मापसाहेब वेदनेतही हसले. "फाटक आहे का वाटेत कुठे?"

कुणी हसलं नाही. बबडी उतरली आणि पुढे आली. मापसाहेब लंगडत शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"लग्नानंतर हात लावला नसशील गाडीला. सावकाश घे. आधी सीट पुढे कर. थांब, तो खटका हट्टी आहे, मी सांगतो कसा..."

पण बबडीने तेवढ्यात सीटवरून अंग थोडं उचललं, खाली न बघता खटका ओढला आणि टाचेचा जोर देऊन सीट पुढे घेतली. खट्. एका झटक्यात बसली. पार पुढे, मापसाहेबांचे गुडघे पहिल्या दिवशी जिथे अडले होते तिथे.

मापसाहेबांनी आधी खटक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

गाडी सुरू झाली. गिअर अलगद पडला. रस्ता सरळ होता, सपाट होता, रिकामा होता. आणि गाडी हळूहळू उजवीकडे जायला लागली.

बबडीने ती सरळ केली. पुन्हा उजवीकडे. तिच्या कपाळावर आठी आली. "बाबा, ही उजवीकडे का..." आणि ती थांबली. तिला कळलं. त्यांना तिच्याआधी कळलं होतं. ते तिच्या हातांकडे बघत होते. उजवा हात खाली, डावा वर, स्टेअरिंग हलकंच कलतं धरलेलं. वाकड्या गाडीला सरळ चालवणारे हात. जितके जास्त दिवस चालवावी, तितका ही सवय जायला वेळ लागतो. बाईने सांगितलं होतं.

इंजिनाचा आवाज तेवढा येत होता.

"तू," मापसाहेब म्हणाले.

बबडीने गाडी कडेला थांबवली. ब्रेक सुद्धा किती हलका लावला! "हो. मीच," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "मीच ठोकली. नाना शिकवत होते. दर रविवारी, लग्न झाल्यापासून. दुकान बंद ठेवून यायचे. मला चांगली येते आता बाबा. त्या एका दिवशी वळताना अंदाज चुकला, फुटपाथावर चढली. नाना एका शब्दाने रागावले नाहीत. म्हणाले, लागते गाडी, त्यात काय. मीच त्यांना शपथ घातली, बाबांना कळता कामा नये. म्हणून तर ते तुम्हाला गाडी द्यायला तयार नव्हते."

"आणि मघाशी..."

"मी सांगणारच होते. त्यांनीच बोलू दिलं नाही."

मापसाहेब मागे वळले. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"होतं," बायको म्हणाली. "सगळ्यांनाच होतं."

सगळ्यांनाच. म्हणजे अख्ख्या जगात एकाच माणसापासून लपवलं होतं. ज्याला कधी कुणी फसवलं नव्हतं, त्या एका माणसापासून.

"मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?" त्यांनी विचारलं. आवाजात रग आणायचा प्रयत्न केला, पण ती येईना.

बोलली ती बायको. "अहो, फाटकाची गोष्ट किती वेळा सांगितलीत? एक दार घासलं तर तुम्ही तिला चारचौघांत वर्षानुवर्षं घासलंत. मग हे फुटपाथाचं कळलं असतं तर मेली असती हो पोर माझी लाजेनं. त्या घरात तिला कुणी दमात नाही ठेवलेलं. ती धास्ती घेतेय ती तुमची."

मापसाहेबांना आठवलं, फाटकाच्या गोष्टीला सगळे हसले होते तेव्हा एकटे व्याही हसले नव्हते. त्यांनी ते टिपून ठेवलं होतं, आणि भलत्याच माणसाच्या नावावर मांडलं होतं. पोटरीतला गोळा आता कुठेतरी छातीत येऊन बसला. त्यांना रडू येत होतं, आणि रडायची सवय नसल्यामुळे त्यांचं तोंड विचित्र वाकडं झालं.

"वळव," ते म्हणाले.

"काय?"

"गाडी वळव. परत चल."

बबडीने आरसा पाहिला, मागचं पाहिलं, आणि एका दमात गाडी वळवून घेतली. वाटेत दोनदा ती उजवीकडे गेली. मापसाहेब एकदाही 'सांभाळ' म्हणाले नाहीत.

व्याही दुकानाच्या पायरीवर बसले होते. गाडी ओळखून ते उठले. चालवतंय कोण ते पाहिलं आणि सगळं काय झालं असेल ते त्यांना समजलं असावं. ते मापसाहेबांकडे आलेच नाहीत. बबडीच्या खिडकीशी जाऊन कंबरेत वाकले.

"सरळ केलेली गाडी ना, उजवीकडे जात असेल," ते तिला म्हणाले. "जाईल थोडे दिवस. घाबरायचं नाही."

मापसाहेब दार उघडून उतरले. गाडीला वळसा घालून, एक पाय ओढत, व्याह्यांसमोर येऊन उभे राहिले. वाटेत त्यांनी मोठं भाषण जुळवलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. त्यांनी नुसते हात जोडले.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "ते लोखंड परत द्या. आमच्या घरचं आहे ते."

व्याह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते आत गेले, बैठकीतून तो वाकडा आर्म घेऊन दुकानात आले, आणि खिळे बांधायचा कागद काढून तो त्यात गुंडाळू लागले. गुंडाळता गुंडाळता ते थांबले. या माणसाला विनोद कळत नाही असं मापसाहेबांनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं, आणि आता त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"साहेब, वजन करून देऊ?"

मापसाहेबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. रुमालात ते पितळी वजन होतं. त्यांनी ते तसंच राहू दिलं, हात बाहेर काढला आणि पुडक्यासाठी पुढे केला.

"नको," ते म्हणाले. "तुमचा काटा बरोबर आहे."